कारच्या स्पीकरच्या टोपीला पोचा पडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीकरच्या मधल्या गोल टोपीत पोचा पडला की लोक फोटो काढून पाठवतात, आणि खाली एकच ओळ असते: 'हे कसं काढू?' बोट बहुतेक वेळा घरातल्या लहान मुलाचं असतं, कधी डिकीत टाकलेल्या बॅगेच्या कोपऱ्याचं काम असतं. अशा फोटोंबरोबर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर २, ४ आणि ७ एवढे तरी वाचा, मग हात लावा.

१. ही टोपी मुळात असते कशासाठी?

ही डस्ट कॅप. तिच्या खाली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते. कॉइल आणि तिच्या आतला मॅग्नेटचा लोखंडी खांब यांच्यात एका मिलिमीटरहूनही कमी फट असते. या फटीत खडा किंवा लोखंडाचा कीस शिरला की कॉइल घासायला लागते. टोपी ती फट झाकते. शिवाय कोनाचा (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचा) मधला भाग थोडा ताठ राहतो, आणि काही स्पीकरमध्ये वरच्या पट्टीचा थोडा आवाज टोपीतूनही येतो (प्रश्न १२). बाकी आवाजाचं ओझं कॉइल आणि कोन वाहतात.

२. पोचा पडल्यामुळे आवाज बिघडतो का?

सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) असेल तर नाही. कानाला फरक कळणार नाही, आणि ज्याला कळतो असं वाटतं त्याला तो पोचा डोळ्यांनी दिसलेला असतो.

कारण साधं आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ८० हर्ट्‌झच्या बासची एक लाट त्या हिशेबाने सव्वाचार मीटर लांब पडते. एवढ्या लाटेला टोपीवरचा दोन सेंटिमीटरचा खळगा दिसतच नाही. दारातला मिडबास (बास आणि मधले सूर वाजवणारा स्पीकर) साधारण ३००० हर्ट्‌झपर्यंत वाजतो, तिथे लाट साडेअकरा सेंटिमीटरची असते. फरक पडलाच तर मापकात दिसेल एवढाच. ट्वीटरचं (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचं) गणित मात्र उलटं आहे. १५००० हर्ट्‌झला लाट जेमतेम सव्वादोन सेंटिमीटरची, आणि ट्वीटरचा घुमट हाच तिथे आवाज काढणारा पडदा. तिथला पोचा ऐकू येऊ शकतो (प्रश्न १३).

वूफरमध्येही (बास वाजवणाऱ्या स्पीकरमध्ये) दोन वेळा पोचा त्रास देतो. एक, पोचा इतका खोल असतो की कोन आत जाताना टोपीचा तळ मॅग्नेटच्या खांबावर आपटतो. मोठ्या बासला 'टक टक' असा आवाज येतो. दोन, टोपी चुरगळून तिला घडी पडलेली असते आणि ती घडी एखाद्या सुरावर फरफरते. या दोन्हींपैकी काही नसेल तर दुरुस्ती फक्त दिसण्यासाठी आहे. जाळी लावली की पोचा दिसणार नसेल तर मी तसाच ठेवायला सांगतो.

३. नवा सबवूफर आणला, त्याची टोपी आत गेलेली आहे. दुकानदाराने चेपलेला माल दिला का?

खोलगटपणा सगळीकडून सारखा असेल, कडा गुळगुळीत असेल आणि कुठेही सुरकुती नसेल तर ती टोपी मुळातच उलटी बसवलेली आहे. अशी रचना भरपूर सबवूफरमध्ये असते. तिला बाहेर ओढायला गेलात तर चांगली टोपी हाताने बिघडवाल. खात्रीसाठी त्याच मॉडेलचा कंपनीने दिलेला फोटो पाहा. जोडीचा दुसरा स्पीकर असेल तर तो बघितला तरी पुरे.

काही मिडबासना टोपीच नसते. मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा एक स्थिर दांडा असतो आणि कोन त्याच्याभोवती हलतो. तिथे पोचा पडायला जागाच नाही.

४. दुरुस्तीला हात घालण्याआधी काय तपासू?

पोच्याखाली कॉइल शाबूत आहे का, हे आधी. नसेल तर टोपी चकचकीत करून काही उपयोग नाही.

स्पीकर बंद ठेवून टोपीच्या बाहेर, कोनावर, चार बोटं समान अंतरावर टेका आणि कोन सरळ तीन-चार मिलिमीटर आत दाबा. एका बाजूने दाबू नका, नाहीतर चांगली कॉइलही घासल्यासारखी वाटेल. कान जवळ ठेवा. कोन आवाज न करता आत जाऊन परत आला तर ठीक. 'खर्र' असं घासलं तर धक्क्याने कॉइलची नळी वाकडी झाली आहे किंवा कॉइल जागची हलली आहे. मग प्रश्न १९ कडे जा.

मीटर असेल तर तारा सोडवून रेझिस्टन्स बघा. चार ओहमच्या स्पीकरवर मीटर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो, दोन ओहमच्या कॉइलवर दीड ते दोनच्या मध्ये. काहीच आकडा येत नसेल तर तार तुटली आहे.

शेवटी फोनवरच्या कुठल्याही टोन जनरेटर ॲपने ३० ते २०० हर्ट्‌झ हळूहळू फिरवा, आवाज कमी ठेवून. एखाद्या जागी भुणभुण ऐकू आली तर टोपीच्या कडेला बोटाचं टोक अगदी हलकं टेकवा. भुणभुण थांबली तर टोपीची कड सुटली आहे. पोच्याशी तिचा संबंध नाही. तिथे गोंदाची बारीक रेघ पुरते (गोंद कोणता, ते प्रश्न १७ मध्ये).

५. टोपी कशाची आहे हे कसं ओळखू?

नखाने हलकं वाजवा आणि उजेडात तिरकं बघा. कागदी टोपी मंद आवाज देते, तिचे तंतू दिसतात. कापडी टोपी बोटाला किंचित चिकट किंवा खरखरीत लागते आणि पुष्कळदा आरपार हवा जाते. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे काळं, गुळगुळीत, किंचित मेणचट प्लॅस्टिक. रबराची टोपी दाबली की आपोआप उसळून येते, तिचा पोचा टिकतच नाही.

चकचकीत चंदेरी टोपी बघून लोक ॲल्युमिनियम समजतात. स्वस्त कार स्पीकरमध्ये ते बहुधा चांदीसारखा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक असतं. धातूची टोपी हाताला लगेच गार लागते आणि नखाने वाजवल्यावर 'टण' करते. मॅग्नेट लावून बघू नका. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही आणि खाली स्पीकरचा स्वतःचा मॅग्नेट असतो, त्यामुळे काहीच निष्पन्न होत नाही.

६. सगळ्यात कमी धोक्याचा उपाय कोणता?

मागून ढकलणं. हा उपाय फार थोड्यांना सुचतो, कारण त्यासाठी स्पीकर खोक्यातून किंवा दारातून काढावा लागतो.

बऱ्याच सबवूफरच्या आणि काही मिडबासच्या मॅग्नेटला मागे मधोमध भोक असतं. ते सरळ खांबातून जाऊन टोपीच्या मागे उघडतं. कॉइल गार राहावी आणि टोपीखाली हवा कोंडू नये म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथून लाकडी काडी, टोकाला कापूस गुंडाळून आणि तो दोऱ्याने घट्ट बांधून, हळू आत घाला आणि पोच्याच्या पोटाला आतून टेकवा. एकदम जोर न देता पोच्याच्या कडेकडून मध्याकडे या. टोपी 'टप' करून बाहेर येते. तो आवाज ऐकायला मिळाला की समजायचं काम झालं.

काडी लाकडाची किंवा प्लॅस्टिकचीच हवी. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मॅग्नेट खेचून घेतो आणि तो कॉइलच्या नळीवर आदळतो. भोकाला जाळी किंवा फोम चिकटवलेला असेल तर तो अलगद उचलून नंतर परत बसवा. जाळी आत रुतवून बसवलेली असेल तर ती उपटू नका, पुढच्या उपायाकडे वळा. पोचा अगदी कडेला असेल तर काडी तिथे पोचत नाही, कारण भोक मधोमध असतं.

७. यूट्यूबवर सगळे व्हॅक्युम क्लीनर लावतात. लावू का?

लावा, पण पूर्ण ताकदीने नाही, आणि नळी टोपीवर हवाबंद टेकवून तर कधीच नाही.

घरगुती व्हॅक्युमची नळी पूर्ण बंद केली की १५ ते २० किलोपास्कलचं ओढणं तयार होतं. पाच सेंटिमीटर व्यासाच्या टोपीवर ते तीन-चार किलोचं वजन टांगल्यासारखं आहे. सबवूफरची दहा सेंटिमीटरची टोपी असेल तर तोच आकडा बारा ते सोळा किलोवर जातो. ही ओढ एकट्या पोच्यावर येत नाही, सगळा कोन बाहेर खेचला जातो. कॉइल फटीतून बाहेर आली आणि परत जाताना तिरकी बसली, की त्या स्पीकरला रिकोन करायलाच (कोन आणि कॉइल बदलायला, प्रश्न १९) न्यावं लागतं. व्हिडिओत पोचा निघाल्याचा क्षण दाखवतात, त्यानंतरचा आवाज फारसं कोणी ऐकवत नाही.

करायचंच तर असं करा. नळीच्या तोंडाला टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी चिकटपट्टीने जोडा. तिच्या बाजूला एक-दोन भोकं पाडा म्हणजे हवा तिथूनही शिरेल. मशीनवर ताकद कमी करायची पट्टी असेल तर सगळ्यात खाली आणा. दुसऱ्या कोणाला तरी कोनाच्या कडेला, सराउंडच्या (कोनाभोवतीच्या लवचिक कडेच्या) आतल्या बाजूला, दोन्हीकडून बोटं हलकी टेकवायला सांगा, म्हणजे कोन बाहेर धावणार नाही. मग नळी पोच्याजवळ नेऊन सेकंदभरातच मागे घ्या. पोचा निघाला नाही तर किंचित जवळ. तीन-चार झटक्यांत निघाला नाही तर व्हॅक्युम बाजूला ठेवा. ताकद वाढवायची नाही.

कापडी टोपीतून हवा आरपार जाते, त्यामुळे व्हॅक्युमची ओढ तिथे तेवढी बसत नाही. ट्वीटरवर व्हॅक्युम लावू नका, प्रश्न १३ पाहा.

८. तोंडाने ओढून निघतो का?

लहान, गुळगुळीत पोचा निघतो. पुठ्ठ्याची नळी ओठांत धरून ओढायचं. जोर आपोआप मर्यादेत राहतो, म्हणून दारातल्या लहान मिडबाससाठी व्हॅक्युमपेक्षा मला हेच बरं वाटतं. टोपीवरची धूळ आधी पुसा, एवढंच.

९. चिकटपट्टी कोणती आणि कशी लावायची?

गुळगुळीत प्लॅस्टिक आणि धातूच्या टोपीसाठी खोक्यांना लावतात ती रुंद पॅकिंगची पट्टी चालते. आधी टोपी किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. पट्टीचा छोटा तुकडा पोच्याच्या तळाला बोटाने घासून बसवा, बाकीच्या पट्टीची घडी घालून धरायला मूठ करा, आणि टोपीच्या सरळ वर हळू ओढा. झटका दिला तर पट्टी सुटते, पोचा तिथेच राहतो.

कागदी टोपीवर हीच पट्टी वरचा थर सोलून आणते. तिथे रंगकामाची फिकट पिवळी मास्किंग पट्टीच वापरा. तिची पकड कमी असते, पण कागद वाचतो. चिकट थर दिलेल्या कापडी टोपीला कुठलीच पट्टी लावू नका.

१०. सुई किंवा पिन खुपसून ओढली तर?

हा जुन्या कारागिरांचा हातखंडा आहे आणि तो काम करतो. सुईचं टोक पकडीने जरा वाकवायचं, पोच्याच्या तळाशी टोचायचं, आकड्यासारखं फिरवून वर ओढायचं. नंतर भोकावर रबरी गोंदाचा टिपका ठेवायचा.

पण खाली मॅग्नेट आहे हे विसरू नका. पोलादी सुई हातातून सुटली की ती टोपी फाडून आत जाते आणि खांबाला चिकटून बसते. ती काढायची म्हणजे टोपी कापायची. सुईला आधी दोरा ओवून तो बोटाला बांधा. पितळी किंवा तांब्याची कडक तार मिळाली तर आणखी चांगलं, मॅग्नेट तिला ओढत नाही. आणि सुई खोल जाऊ देऊ नका, टोपीच्या आतली कॉइल फार दूर नसते. प्लॅस्टिकच्या टोपीला भोक पडलं की तिथून चीर जाऊ शकते. म्हणून हा उपाय कागदी आणि कापडी टोपीपुरताच ठेवा.

११. कागदी टोपीला पाणी लावलं तर घडी निघते का? आणि प्लॅस्टिकला हेअर ड्रायर?

कागदाला पाणी ओतायचं नाही, पण ओलसर करायला हरकत नाही. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि फक्त घडीवर टेकवत जा. कागद मऊ पडला की सहाव्या किंवा आठव्या प्रश्नातल्या उपायाने पोचा बाहेर काढा आणि स्पीकर आडवा, तोंड वर करून पूर्ण दिवस वाळू द्या. ओला असताना वाजवू नका, टोपीला पुन्हा बाक येतो. पावसाळ्यात कोकणात हे करत असाल तर दोन दिवस ठेवा, तिथल्या हवेत कागद सहज वाळत नाही.

प्लॅस्टिकला हेअर ड्रायर उपयोगी पडतो. पंधरा-वीस सेंटिमीटर अंतरावरून, मधल्या गरमीवर, हात हलता ठेवून अर्धा मिनिट. टोपी बोटाला गरम लागली, पण चटका बसला नाही, म्हणजे पुरेशी. मग चिकटपट्टी किंवा मागची काडी. पेंट काढायची हीट गन मात्र आणू नका. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि हीट गन त्याच्या कितीतरी वर जाते. टोपीचा गोंद तर त्याच्याही आधी सुटतो.

१२. माझ्या गाडीत कंपनीचेच साधे स्पीकर आहेत, वेगळा ट्वीटर नाही. तिथे काही फरक पडतो का?

थोडा. अशा स्पीकरला बासपासून वरच्या सुरांपर्यंत सगळं एकट्याने वाजवावं लागतं. काहींमध्ये मुख्य कोनाच्या मधोमध आणखी एक छोटा कागदी कोन उभा केलेला असतो. वरच्या पट्टीतला बराचसा आवाज त्या छोट्या कोनातून आणि टोपीतून येतो. तो छोटा कोन वाकला तर झांजा आणि 'स'चा आवाज मंद होतो. बोटांनी त्याला गोल आकार द्या, कड फाटली असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि पांढरा गोंद. टोपीचा पोचा आठव्या प्रश्नातल्या पद्धतीने काढा.

१३. ट्वीटरचा घुमट दाबला गेलाय. तेच उपाय लागू आहेत का?

नाही. ट्वीटरमध्ये दिसणारा घुमट म्हणजे झाकण नव्हे, आवाज काढणारा पडदा तोच. कॉइल त्याच्या कडेलाच चिकटवलेली असते आणि फट वूफरहूनही अरुंद असते. त्यामुळे व्हॅक्युम, सुई, हेअर ड्रायर, सगळं बाद.

रेशमी किंवा कापडी घुमट असेल तर तोंडाने, पातळ नळीतून, अगदी हलकं ओढा. बहुतेक वेळा तो परत फुगतो आणि आवाजात काही उरत नाही. वर चिकट थर असतो म्हणून पट्टी लावू नका. ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमच्या घुमटाला पडलेला पोचा पातेल्याच्या पोच्यासारखा असतो: ठोकून काढला तरी धातू ताणलेलाच राहतो. मास्किंग पट्टीने एकदा प्रयत्न करा, पुढे घुमटासकट कॉइल बदलून मिळते का ते पाहा. डावा-उजवा ऐकून फरक कळत नसेल तर तोही खर्च करू नका.

महागड्या सेटमध्ये बेरिलियमचा घुमट असतो. तो फुटला असेल तर उघड्या हाताने तुकडे उचलू नका, फुंकर मारू नका, व्हॅक्युम तर अजिबात नको. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे. जाळी झाकून विक्रेत्याकडे न्या.

१४. सहा-नऊच्या (सहा बाय नऊ इंची लंबगोल) स्पीकरवर मधोमध जी छोटी डबी आहे ती चेपली. ती टोपीच ना?

नाही. कोॲक्शियल स्पीकरमध्ये मधल्या खांबावर दांडा उभा करून ट्वीटर बसवलेला असतो, ती डबी त्याचीच. ती कोनाबरोबर हलत नाही. वरची जाळी चेपली असेल आणि आतला घुमट ठीक असेल तर जाळी चिमट्याने वर उचला, काम संपलं. घुमटच दबला असेल तर प्रश्न १३. डबी वाकडी होऊन कोनाला टेकत असेल तर मात्र लगेच सरळ करा, नाहीतर कोन तिच्यावर घासून फाटेल.

१५. पोचा निघाला, पण पांढरी रेघ किंवा सुरकुती राहिली.

राहणारच. काळं प्लॅस्टिक ताणलं की पांढरं पडतं आणि कागदाची घडी खुणेसकट उलगडते. काळ्या कायम शाईच्या मार्करने रेघ भरा, जास्तीची लगेच पुसा. स्प्रे रंग मारू नका. त्यातलं थिनर प्लॅस्टिक आणि सराउंड दोन्ही खाऊ शकतं.

१६. टोपी फाटली आहे. नवी कशी बसवायची?

आधी एक सोपा पर्याय बघा. सबवूफर असेल तर जुनी टोपी न काढता तिच्यावर किंचित मोठी टोपी चिकटवा. फट उघडी पडत नाही, कचरा आत जात नाही, आणि काही ग्रॅमचं वजन एवढ्या मोठ्या कोनाला जाणवत नाही. जुनी टोपी आरपार फाटलेली नसेल तर तिला आधी पिनेने एक बारीक छिद्र पाडा, नाहीतर दोन टोप्यांमध्ये हवा कोंडते. दारातल्या लहान मिडबासवर मात्र हा जुगाड करू नका. तिथे कोनच हलका असतो, वाढीव वजनाने आवाज बदलतो.

जुनी काढायचीच असेल तर व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, कोनाला जिथे चिकटते त्या गोलापासून गोलापर्यंत. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी चालते. नवी टोपी त्याच मापाची आणि शक्यतो त्याच मालाची घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत मिळते. गावाकडे मंडप-साउंडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारा शोधा, त्याच्याकडे वेगवेगळ्या मापांच्या टोप्यांचा डबा असतो.

स्पीकर तोंड वर करून टेबलावर ठेवा. नव्या ब्लेडने गोंदाच्या रेघेच्या आतून, अगदी उथळ, थोडं थोडं कापत जा. ब्लेड मॅग्नेटकडे ओढलं जातं, म्हणून दोन्ही हातांनी पक्कं धरा. काही स्पीकरमध्ये कॉइलच्या बारीक तारा टोपीच्या कडेखालून कोनावर येतात. कोनावर दोन उंचवटे दिसत असतील तर त्या जागी ब्लेड लावू नका, तिथली टोपी बोटांनी सोलून उचला.

टोपी निघाली की फटीत बघा. लोखंडाचा कीस असेल तर हवेने उडवायचा नाही, तो उडत नाही, फटीत जास्तच खोल जातो. पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्हीकडून चिकट टेप लावून ती फटीतून फिरवा, टेप बदलत राहा. नंतर चौथ्या प्रश्नातली दाबून बघायची चाचणी पुन्हा करा. टोपी लावल्यावर घासल्याचा आवाज आला तर परत कापण्याखेरीज मार्ग नाही.

नवी टोपी आधी कोरडीच ठेवून मध्य जुळवा, पेन्सिलने चार खुणा करा. मग गोंदाची अखंड बारीक रेघ, खुणांवर टोपी, आणि बोटाने गोल फिरत हलका दाब. एक दिवस हलवू नका.

१७. फेविक्विकने चिकटवली तर चालेल? नाहीतर कोणता गोंद?

फेविक्विक नको. तो पाण्यासारखा पातळ असतो. जास्तीचा थेंब फटीत उतरला तर कॉइल तिथेच चिकटून बसते. त्याच्या वाफेने काळ्या टोपीवर पांढरट पापुद्रा येतो. आणि वाळल्यावर कडक होऊन बासच्या थरथरीने तडकतो.

कागदावर कागद असेल तर साधा पांढरा फेविकॉल चांगला, ओलाव्याची जागा असेल तर त्याचाच पाण्याला टिकणारा प्रकार. बाकी सगळीकडे फेविबॉण्डसारखा रबरी गोंद, जो वाळल्यावरही लवचिक राहतो. पॉलिप्रॉपिलीनला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. कड बारीक पॉलिश पेपरने खरवडून घ्या, मग रबरी गोंद लावा. ग्लू गनची कांडी उन्हात उभ्या गाडीत मऊ पडते, तीही नको.

१८. टोपी नसतानाच वाजवला तर काय होईल?

आज काही नाही. दाराच्या आतला पत्र्याचा कीस, धूळ आणि पावसाचं पाणी काही महिन्यांत फटीत जाऊन बसेल, तेव्हा कॉइल घासेल. टोपी मिळेपर्यंत वाट बघायची असेल तर मधला भाग मास्किंग पट्टीने झाका आणि तो स्पीकर वाजवू नका.

१९. पोचा निघाला, पण आता स्पीकर 'खर्र खर्र' करतो.

कॉइल खांबाला घासते आहे. मूळ धक्क्याने किंवा ओढताना ती तिरकी झाली असेल. कधी कोन नुसता थोडा पुढे येऊन अडकलेला असतो. चार बोटांनी समान दाब देऊन तो दोन-तीनदा जागेवर बसवून पाहा. तरी घासत असेल तर वाजवत राहू नका, तारेवरचं वार्निश खरवडून कॉइल शॉर्ट होईल आणि ॲम्पलाही त्रास देईल.

यापुढचं काम रिकोनचं: जुना कोन, कॉइल, स्पायडर (कॉइल मधोमध धरून ठेवणारी लवचिक चकती) काढून नवीन संच बसवणं. चांगल्या सबवूफरला ते परवडतं. कंपनीच्या साध्या सहा इंची स्पीकरला परवडत नाही, नवी जोडी घ्या. जोडीच घ्या, एकच बदलला तर डावं-उजवं जुळत नाही.

वॉरंटीत बसेल का, असंही विचारतात. बोटाने किंवा सामानाने पडलेला पोचा बहुतेक कंपन्या धरत नाहीत. पण कॉइलचा दोष वेगळा असेल आणि मुदत बाकी असेल तर टोपी कापू नका. उघडलेला स्पीकर पाहिल्यावर ते तोही दावा नाकारतात.

२०. एका बाजूचा चेपला. आवाज सारखा राहावा म्हणून दुसराही चेपू का?

हे खरंच विचारलं जातं, एकदा नाही. नको. दोन पोचे कधीच सारखे पडत नाहीत, आणि पहिल्यानेही फरक पडलेला नाही (प्रश्न २).

२१. पोचा काढतो, महिन्याभरात पुन्हा पडतो. कोणी हातही लावत नाही.

मग टोपी आतून बाहेर येऊन जाळीवर आपटते आहे. सबवूफरचा कोन मोठ्या बासला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर येतो, आणि फुगीर टोपी त्याच्याही पुढे असते. चपटी जाळी किंवा दाराचं पॅड खूप जवळ असेल तर टोपीवर दर वेळी त्याच जागी खूण पडते. जाळीच्या आतल्या बाजूला खडूची पूड लावून एखादं बासचं गाणं नेहमीच्या आवाजात वाजवा. टोपीवर पांढरा ठिपका उमटला तर खात्री पटली.

जाळीखाली लाकडाची किंवा प्लायची रिंग घालून ती दोन सेंटिमीटर वर घ्या, किंवा घुमटासारखी उंच जाळी बसवा. दारात जागा नसेल तर हेड युनिट (गाडीचा म्युझिक प्लेअर) किंवा ॲम्पवरून त्या स्पीकरचा हाय-पास (ठरलेल्या सुराखालचा बास अडवणारी सेटिंग) ७०-८० हर्ट्‌झवर आणा, कोनाची धाव तिथेच कमी होते. डिकीतल्या सबवूफरला सामानाचा मार लागत असेल तर खोकं फिरवून स्पीकरचं तोंड सीटच्या पाठीकडे करा, मध्ये चार बोटं जागा सोडून. बास फारसा बदलत नाही आणि कांद्याची गोणीही बिनघोर ठेवता येते.